तुटक रेघेचं वर्तुळ

"भ्या वाटतंय का तुला?" नवं सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी शोभाताई हमखास विचारायच्या. मी नाही म्हटलं, की म्हणायच्या, "मग तुझं कायतरी बघायचं राहिलंय."

धाराशिवच्या एका खाजगी रुग्णालयात आम्ही दोघी संगणक विभाग सांभाळायचो. शोभाताई अणदूरच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. कुठलं काम कुणाकडून कुणाकडे जातं, याचे नकाशे त्या काढत. चौकोन म्हणजे काम, बाण म्हणजे पुढची पायरी. सॉफ्टवेअर त्या नकाशाबरहुकूम कामं आपोआप पुढे पाठवतं. या खुणा जगभर ठरलेल्या असतात. त्यामुळे एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला नकाशा दुसरीच्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा चालतो, असं कंपन्या छातीठोकपणे सांगतात.

रुग्णालयाने सॉफ्टवेअरची कंपनी बदलली, तेव्हा नव्या कंपनीच्या साहेबांनीही तेच सांगितलं. नकाशा पडद्यावर हुबेहूब उमटला. तरी शोभाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. "दिसतंय तसंच, पर चालंल का तसंच?" पहिल्याच दिवशी त्या प्रसूती विभागात जाऊन बसल्या.

दुपारी लोहाऱ्याची एक बाळंतीण आली. रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी संगणकावरून रक्त मागवलं. वेळ गेला, रक्त येईना. शोभाताईंनी रक्तपेढीला फोन लावला.

"मागणी रद्द झालीय, मॅडम."

"कुणी केली?"

"कुणीच न्हाय. आपोआप."

शोभाताईंना चटकन उमगलं. रक्त यायला उशीर झाला तर वरिष्ठांना आठवण जावी, म्हणून त्यांनी नकाशात तुटक रेघेचं वर्तुळ काढलं होतं. तुटक रेघ म्हणजे आठवण द्या, पण मूळ काम चालू ठेवा. सलग रेघ म्हणजे मूळ काम बंद करा. नव्या सॉफ्टवेअरला तुटक रेघ काढता येत होती, पण तिचा अर्थच शिकवलेला नव्हता. त्याने तीही सलगच धरली. आठवण गेली आणि मागणी मेली.

"कागदावर लिहून द्या, डॉक्टर!" म्हणत त्या चिठ्ठी घेऊन जिना उतरल्या. मी मागून धावत होते. पिशव्या छातीशी धरून परत येताना त्या एवढंच पुटपुटत होत्या, "जाऊ नगं गं बाई, जाऊ नगं."

ती वाचली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि म्हणाले, "आमचं सॉफ्टवेअर जगभर ठरलेल्या खुणांना धरूनच आहे. चित्र बघा ना, सारखंच आहे."

शोभाताई भांडल्या नाहीत. साहेबांना त्या बाळंतिणीच्या खाटेपाशी घेऊन गेल्या.

"आता हिला सांगा, साहेब. चित्र सारखंच हुतं म्हणून."

 

गेल्या वर्षी शोभाताई वारल्या. काल आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली. तिचा पहिला नकाशा सुरू करण्याआधी मी तिला विचारलं, "भीती वाटतेय का?"

"हो, मॅडम."

"मग चल, वॉर्डात जाऊन बसू."