आधी गुड मॉर्निंग म्हणा

बार्बाडोसच्या आमच्या क्लेमंट्स बेवर जिवाचं बरंवाईट करून घ्यायचं असेल, तर फार कष्ट पडत नाहीत. दुसऱ्या खडकाच्या पलीकडे पोहायला जावं, पुढचं तिथली पाण्याची ओढ बघून घेते. उथळ पाण्यात अनवाणी नाचावं, खाली सी-अर्चिनचे काळे काटेरी गोळे वाटच बघत बसलेले असतात. आणि अगदीच आळस असेल, तर किनाऱ्याच्या टोकाला मॅन्चिनीलचं झाड आहे, त्याच्याखाली नुसतं उभं राहावं. त्याचं फळ दिसतं छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, चवही गोड, आणि मग घसा भाजून निघतो. पाऊस आला की पानांवरून गळणाऱ्या पाण्यानंसुद्धा कातडीवर फोड उठतात. सरकारनं खोडाला लाल पट्टा ओढून ठेवलाय. पाहुणे त्या पट्ट्याला टेकून फोटो काढतात.

हॉटेलात यातलं काहीच सांगत नाहीत. किनाऱ्याची उगीच बदनामी कशाला? पाहुणा उतरला की आधी त्याच्या हातात रमचा गोड पेला देतात आणि मग एक हसतमुख मुलगी त्याला सुरक्षेचे धडे देते. अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. किनाऱ्यावर कुणाकडून काही घेऊन खाऊ नका. आणि कुणी गोड बोलून हाक मारलीच, तर नजर वळवा, उत्तर देऊ नका, चालू लागा. वर एक शिट्टी देतात, गळ्यात घालायला. म्हणजे थोडक्यात, आमच्या किनाऱ्यावर धोकादायक असे फक्त आम्हीच.

आता आमचंही सांगतो. आमच्या बेटावर माणूस चार डोकी दिसली की आधी गुड मॉर्निंग म्हणतो. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, अगदी भांडायला आला तरी आधी तेच. जो म्हणत नाही त्याला घरच्यांनी वळण लावलेलं नाही असं समजतात, आणि वळण नसलेल्या माणसाशी आपण होऊन कुणी बोलत नाही. तिकडे पाहुण्यांना बोलायची बंदी, इकडे आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेलो. असा चोख बंदोबस्त दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही.

या बंदोबस्ताची सर्वांत कडक पहारेकरी म्हणजे मिस ऑर्लीन बोव्हेल. माझ्या रमच्या दुकानाच्या छपराखाली तिची चूल. खारवलेल्या माशाचे वडे तळते आणि पावात दोन-दोन घालून वर तिखट सॉस ओतून देते. बाई साठीच्या पुढची, अंगानं भरलेली, आणि कपड्याला सुरकुती म्हणून नाही. ती सवय हॉटेलातली. उमेदीची सगळी वर्षं तिनं तिथं खोल्या आवरण्यात घालवली. एकदा तिनंच मला सांगितलं होतं. ती चादर बदलत असताना एक पाहुणा आत आला, फोनवर बोलत बोलत तिच्यासमोर सगळे कपडे उतरवले आणि अंघोळीला गेला.

"त्याला लाज नव्हती असं नाही, डार्नली," ती मला म्हणाली. "बायको आत आली तेव्हा टॉवेल गुंडाळला त्यानं. मी म्हणजे त्याच्या लेखी कपाट होते."

नोकरी सुटली त्या दिवशी बाईनं पण केला. मला जो बघत नाही, तो मलाही दिसत नाही. आणि तो तिनं पाळला. जो गुड मॉर्निंग म्हणेल त्याला ती वड्यांबरोबर अख्खा किनारा समजावून सांगायची: कुठल्या खडकापर्यंत पोहायचं, काटा रुतला तर काय करायचं, ते झाड कुठलं. लष्करी छापाची चड्डी घातलेल्या एकाला तिनं कपडे बदलायला परत पाठवलं होतं, कारण आमच्याकडे तसले कपडे घालणं गुन्हा आहे. तो बिचारा शहरात गेला असता तर पोलिसांनी चड्डीच जप्त केली असती. पण जो न बोलता पुढे गेला, तो बुडो, भाजो, काटे रुतून नाचो, बाई शांतपणे वडे उलटत बसायची.

यंदाच्या हंगामात हॉर्सफॉल नावाचे एक गृहस्थ आले. इंग्लंडातून, एकटेच. जन्मभर विमा कंपनीत होते म्हणे. कशात किती धोका आहे याचा अंदाज बांधणं हेच त्यांचं काम. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. यांनी दूध कधी तोंडाला लावलंच नव्हतं, तरी ताक फुंकत होते. पोटाला पैशांचा पट्टा, गळ्यात शिट्टी, नाकाला पांढरा लेप. रोज सकाळी आमच्या समोरून जायचे ते असे, जणू छपराखाली माणसं नाहीत, मीठ-मिरचीची पोती ठेवलीत. माझ्याकडे डोमिनो खेळायला बसणारा ओझी मुद्दाम खाकरायचा. हॉर्सफॉल पावलं जास्त झपाझप टाकायचे.

बसायची जागाही त्यांनी आपल्या हुशारीनं शोधली. अख्ख्या किनाऱ्यावर कुठे माणसंच नसतात आणि सावलीही दाट आहे, याचा त्यांनी शोध घेतला, आणि तशी एकच जागा सापडली. टोकाच्या झाडाजवळची. तिथं कुणीच का बसत नसेल, हा प्रश्न विमा कंपनीत बहुधा विचारत नसावेत.

ऊन होतं तोवर निभावलं. ते झाडापासून जरा अलीकडे खुर्ची टाकायचे. पण त्या सकाळी एकाएकी पाऊस आला. जो तो माझ्या छपराखाली पळाला. हॉर्सफॉलही उठले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, गर्दी बघितली, आणि शांतपणे झाडाखाली जाऊन उभे राहिले.

ओझीच्या हातातली सोंगटी तशीच राहिली. तो म्हणाला, कुणीतरी सांगा रे त्याला. सगळ्यांनी मिस ऑर्लीनकडे बघितलं.

"आठवडाभर इथून जातोय," ती म्हणाली. "त्याच्या तोंडून एक शब्द ऐकलायस तू?"

"म्हातारा आहे तो, ऑर्लीन. ते पाणी डोळ्यात गेलं तर आंधळा होईल."

"आत्ता तरी कुठे दिसतंय त्याला?"

ओझीनं हातातली सोंगटी टेबलावर ठेवली, मीही पेले पुसू लागलो. आमच्यापैकी एकालाही पाय नव्हते असं नाही. पण बाईचा पण हा आता साऱ्या छपराचा पण झाला होता, आणि तो तिच्या देखत कोण मोडणार? तेवढ्यात हॉर्सफॉलनी चष्मा काढला. काचांवर पाणी आलं होतं. त्यांनी त्या शर्टाला पुसल्या, आणि मग ओल्या हातानं दोन्ही डोळे चोळले.

मिस ऑर्लीननं झारा खाली ठेवला. छपराच्या कडेला गेली आणि ओरडली, "गुड मॉर्निंग!"

तिला मी लहानपणापासून ओळखतो. परक्या माणसाला तिनं आधी रामराम घातल्याचं मी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहीन असं वाटलं नव्हतं. हॉर्सफॉलनीही ऐकलं. आणि शिकवलेला धडा बिनचूक म्हणून दाखवला. कुणी गोड हाक मारली तर काय करायचं? नजर वळवायची. त्यांनी पाठ फिरवली आणि आणखी दोन पावलं मागे, थेट खोडाला जाऊन चिकटले.

"गुड मॉर्निंग, मिस्टर!" ती पुन्हा ओरडली. आवाज चिरकला तिचा. मला तेव्हा तिची दया आली, आणि त्या माणसाचा असा संताप आला की खरं सांगतो, घटकाभर वाटलं, राहू दे तिथंच.

बाई डोक्यावर ताट धरून पावसात धावली. ताटानं डोकं झाकलं, हात उघडेच. तिनं जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. त्यांनी शिट्टी फुंकली. ती ओढतेय, ते एका हातानं झाडाला धरून फुंकताहेत, आणि वरून दोघांवर झाड गळतंय. शिट्टीला मात्र हॉटेलवाले जागले. त्यांचा पहारेकरी केमार छत्री घेऊन पळत आला. केमार म्हणजे मिस ऑर्लीनच्या बहिणीचाच मुलगा.

"गुड मॉर्निंग, आँटी ऑर्लीन," तो धापा टाकत म्हणाला. "माफ कर हं, पण मला तुला धरावं लागेल."

"मॉर्निंग. धर हवं तर. पण आधी या शहाण्याला बाहेर काढ."

तोवर मी आणि ओझीही पोचलो होतो. चौघांनी मिळून त्यांना उचलून आणलं. तोपर्यंत शिट्टी थांबली होती आणि हॉर्सफॉल डोळे धरून किंचाळत होते. मी बादलीभर गोडं पाणी दोघांवर ओतलं, दोघांना माझ्या गाडीत घातलं, ओझीलाही बरोबर घेतलं आणि दवाखाना गाठला. सबंध रस्ताभर ते एकच विचारत होते, मला दिसेल ना? मिस ऑर्लीन पुढे बसली होती. तिच्या कोपरापासून खाली कातडी लाल होऊन वर येत होती, आणि ती हात खिडकीबाहेर वाऱ्याला धरून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी हॉर्सफॉलचे डोळे कितीदा तरी धुतले, मलम घातलं आणि दोन्हींवर पट्टी बांधली. म्हणाल्या, वेळेत आणलंत. अजून थोडा वेळ तिथं राहिले असते तर मी काही सांगू शकले नसते. चार दिवसांनी दिसू लागेल. मग त्यांना बाहेरच्या बाकावर आणून बसवलं, हॉटेलची गाडी येईपर्यंत. हाताला पट्ट्या बांधून मिस ऑर्लीन आली. जागा एकच होती, त्यांच्या शेजारची. ती बसली.

दवाखान्यात एकेक माणूस येत होता. दारात पाय ठेवला की सगळ्यांना मिळून नमस्कार, आणि सगळी खोली एका आवाजात उत्तर देणार. लंगडत आलेला, तापानं फणफणलेला, रडणारं पोर काखेत घेतलेली, सगळे तेच. हॉर्सफॉल बांधलेल्या डोळ्यांनी मान उंचावून ऐकत होते. दर वेळी त्यांचे ओठ थोडे हलायचे आणि थांबायचे. नजर वळवायची सोय आता राहिली नव्हती.

शेवटी त्यांनी शेजारी तोंड केलं. तिथं कोण बसलंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"गुड मॉर्निंग," ते म्हणाले.

ओझीनं माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. मिस ऑर्लीननं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"गुड आफ्टरनून," ती म्हणाली. "एक वाजून गेलाय."

"माफ करा. गुड आफ्टरनून." मग अगदी हळू आवाजात, "मला त्या झाडाबद्दल कुणीच काही सांगितलं नाही हो."

मला वाटलं, आता बाई सगळा हिशेब चुकता करणार. अख्खी खोली तिच्याकडे बघत होती. पट्ट्या बांधलेले हात तिनं मांडीवर नीट ठेवले, घसा साफ केला आणि चुलीपाशी बसून सांगायची त्याच सुरात सांगू लागली.

"मी सांगते ना. किनाऱ्याच्या टोकाला एक झाड आहे. पावसात त्याच्याखाली उभं राहू नका."