बाईला आवडलं, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला कळलं असतं तर ती तडक आप्पांच्या घरी गेली असती, म्हणूनच बहुधा तिलाही नाही.

सणसवाडीत मी इंग्रजी बोलायला शिकवतो. भाड्याची खोली, एक फळा आणि कंपनीतून सुटून आलेली दमलेली माणसं. त्यांचा आवडता धडा नाराजीच्या शब्दांचा. पगार वाढला नाही की डिसअपॉइंटेड. मित्रानं ऐनवेळी टांग दिली की लेट डाउन. आणि ज्यावर भाबडेपणानं विश्वास ठेवला ते तसं नव्हतंच हे कळलं की — डिसइल्यूजन्ड. हा शब्द मी फार रंगवून सांगतो. मन मोडण्याच्या किती छटा या लोकांनी वेगळ्या काढल्यात, बघा! असं म्हणतो आणि स्वतःवरच खूश होतो.

रविवारी मी गावी जातो, कासुर्डीला. शेजारी धुळाआप्पा. त्यांचे वाडवडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. आता थोडी शेती, थोडी मेंढरं आणि घरात घोंगडी विणायचा माग. त्यांच्या घरच्या, आमच्या मामी, सूत काढायच्या. त्या सुताला चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणलं की सगळ्या आळीत आंबूस वास भरून राहायचा. तो वास आठवला तरी माझे डोळे अजून आपोआप मिटतात. मग मी तिथंच असतो, त्या दुपारी.

सांगतोय, सांगतोय. जरा दम धरा.

एका कंपनीत परदेशी पाहुणी आली होती. तिला तिच्या दुकानासाठी हातानं विणलेली लोकर हवी होती. माझ्या एका विद्यार्थ्यानं तिला माझं नाव सांगितलं. झालं! मी गावभर मिरवलो. आप्पा तेव्हा मेंढरं विकायच्या बेतात होते, गिऱ्हाईकही ठरलं होतं. मीच म्हणालो, आप्पा, थांबा.

बाईला मी आप्पांच्या घरी आणलं, ती थंडीतली दुपार होती. कुठंतरी उसाचं पाचट पेटवलं होतं आणि काळी राख अंगणात हळूहळू उतरत होती. हायवेची घरघर लांबून, झोपेत ऐकल्यासारखी. बाईनं घोंगडीवरून हात फिरवला आणि बोटं मागं घेतली. मग तिनं पत्र्याचं घर पाहिलं, दारातली मोटारसायकल पाहिली, छपरावरची डिश पाहिली. माझ्याकडं वळून ती हळू आवाजात बोलली. लोकर फार टोचते, तिच्या गिऱ्हाइकांना चालायची नाही. मेंढपाळांचं काही वेगळंच चित्र ती मनात घेऊन आली होती. आणि शेवटी तिनं तोच शब्द वापरला. माझ्या फळ्यावरचा — डिसइल्यूजन्ड.

आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. मामी चहाचा ट्रे धरून उभ्या.

"काय म्हंती रं, मास्तर?"

"आवडलं म्हणतायत. कळवतील."

का बोललो मी असं? दया आली म्हणून? नाही हो. दयेचं नाव पुढं करायला मला आवडलं असतं. पण मला त्या घडीला फक्त माझी मान दिसत होती — ती गावात खाली जायला नको होती. एवढंच.

आप्पांनी मेंढरं विकली नाहीत. मामींना मोतीबिंदू होता. बाईचं काम उरकलं की ऑपरेशन करू, असं म्हणत त्या सूत काढत राहिल्या. घोंगड्यांची चळत वाढली, खालच्यांना कसर लागली. आप्पा दर रविवारी विचारायचे आणि मी मेल रचायचो. बाई आजारी आहे. बाईनं दुकान हलवलंय. पुढच्या हिवाळ्यात नक्की. एका वाक्यात सगळं संपलं असतं! ते वाक्य जिभेवर यायचं आणि तिथंच विरघळायचं. अशी वर्षं गेली. मामींचा एक डोळा गेला. फार उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो. गावात त्याचंही कौतुक झालं.

गेल्या दिवाळीनंतर आप्पांनी मेंढरं विकली. मला मुद्दाम बोलावून घेतलं. एवढं संकोचलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मास्तर, बाईला कळीव. आता आमच्याच्यानं व्हनार न्हाई. लई वर्सं वाट बघितली तिनं, तिचा हिरमोड व्हईल. जरा जपून सांग. तुमच्या विंग्रजीत आसंल की येखादा मऊ शब्द."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी दोघं माझी वाटच बघत होते. काय म्हणाली? मी म्हणालो, तिला वाईट वाटलं, पण राग नाही. आप्पांनी मोठा श्वास सोडला. मामींनी डोळ्यांना पदर लावला.

"चांगली हुती बाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला ताट वाढलं. मी जेवलो.