कुत्रीला वाचून दाखवलेली गोष्ट

कुत्र्यांच्या शाम्पूचा वास आला की मला इंदूरातली भंवरकुआंजवळची ती लायब्ररी आठवते. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. शाळेतल्या बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून एकच वाक्य पाचदा वाचायला लावलं, पोरं हसली, आणि तिने मोठ्याने वाचणंच सोडलं. त्या बाईंना मी अजून माफ केलेलं नाही. लायब्ररीत दर शनिवारी एक ताई आपली म्हातारी लॅब्राडोर कुत्री न्हाऊमाखू घालून आणायच्या आणि मुलं तिला गोष्टी वाचून दाखवायची. प्रत्येकाला दहा मिनिटं. मी मुलीला तिथे नेलं आणि घासाघीस करून पंधरा मिळवली. मल्हारगंजात माझं कापडाचं दुकान, नोकराने बोटभर चुकीचं मोजलं तरी मी तिथल्या तिथे टोकतो. मुलगी पहिल्याच ओळीत अडखळली आणि मी मागून शब्द सांगितला. तिने पुस्तक मिटलं. ताई म्हणाल्या, “भिया, कुत्री चुका काढत नाही. आप बाहर बैठिए.” मी तापलो. “बाप आहे मी तिचा.” “इसीलिए तो,” त्या म्हणाल्या. तणतणत बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने आतून अडखळत, थांबत वाचल्याचा आवाज आला, मग पान उलटल्याचा, आणि मग मुलगी कुत्रीला दटावत म्हणाली, “झोपू नको ना, अभी तो शेर आएगा.” शाळेतल्या बाईंवरचा राग कायम आहे, पण घरी रोज तिला टोकणारा कोण होता, हे मला त्या बाकावर कळलं. आता ती धाकट्या भावाला वाचून दाखवते, चुकते, पुढे जाते, आणि मी तोंड मिटून ऐकतो.