गोदामाच्या वेबसाइटवरची भरती

माझ्या मित्राच्या वडिलांइतक्या तत्परतेने संतापणारा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात दुसरा झाला नसेल. एसटी उशिरा आली तर ते संतापत, आणि वेळेवर आली तर आपली चुकली म्हणून संतापत. टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लागल्या की ताट बाजूला सारून समोर बसत आणि बातम्या देणाऱ्या बाईंनाच जाब विचारत, "मुंबई सांगितली, पुणा सांगितला. भिवंडीला काय आभाळ न्हाय?"

राहनाळला, घरासमोरच, त्यांची भाड्याने द्यायची गोदामं होती. मी तेव्हा वेबसाइट बनवायचा धंदा नुकताच सुरू केला होता, म्हणून मित्राने गोदामांची साइट माझ्याकडून करून घेतली. फोटो, चौरस फूट, फोन नंबर असं सगळं टाकून मी काकांना दाखवायला गेलो. "हवामान कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "आन् भरती-ओहोटी?" गोदाम घेणाऱ्याला भरतीचं काय करायचंय, असं मी म्हणालो, तर ते असे भडकले की काकूंनी आतून पाणी आणून दिलं, मला. शेवटी हवामानाची आणि भरतीची, अशा दोन चौकटी साइटवर जोडल्या. पाऊस कोसळत असताना साइटवर सूर्य दिसला की काकांचा फोन आलाच. "तुझा सूर्य काढ आधी. हितं अंगन भरलंय."

पुढे सुरतेचा एक कापडवाला गोदाम बघायला आला. जाता जाता त्याने सहज विचारलं, "साइट पे ज्वार-भाटा क्यों लिखा है? पानी आता है क्या?" मित्र 'नहीं' म्हणणार तोच काका बोलले, "आता है. बड़ी भरती और जोर का बारिश साथ में आया, तो आखरी गोदाम की पायरी तक आता है. माल ऊपर रखने का." कापडवाला अर्धा चहा टाकून गेला. मित्र लाल झाला. काका त्याच्याहून लाल. "पानी येतं तं येतं सांगायचं. त्याचा कापड भिजला असता तं तू वाळवनार व्हता?"

मित्राने हट्टच धरला, तेव्हा मी चौकटी काढल्या. आता शिव्या बसणार म्हणून वाट पाहिली, पण फोन आला नाही. शेवटी मलाच राहवेना, त्यांच्या घरी गेलो. काका ओटीवर कॉम्प्युटर उघडून बसले होते.

"काढलंस?"

"गिऱ्हाइकं घाबरतात म्हणाला तो."

ते रागावले नाहीत. "हितं बसलं का खाडी दिसायची," ते म्हणाले. "पानी चढलं का माझा बा होडी सोडायचा. मंग मी गोदामं बांधली. कोनी सांगितलं न्हवतं, मीच बांधली. आता भिंत दिसते."

मी तिथेच बसून त्यांच्यापुरतं वेगळं पान केलं, नुसतं हवामानाचं आणि भरतीचं. त्यांनी चष्मा पुसून वेळ वाचली, घड्याळ पाहिलं. "बस जरा," म्हणाले, "आता चढंल." मग त्यांनी खुर्ची गोदामांकडे फिरवली, आणि आम्ही दोघं त्या भिंतीकडे बघत बसलो.