बाकावर बसवायला नेलेली सेटर

मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजच्या कोचने मला फसवलं आणि नंदाखालजवळच्या आमच्या लहान कॉलेजला त्याहून जास्त फसवलं. हे आधीच सांगतो, म्हणजे त्याचीही बाजू ऐका असं मला कोणी म्हणायला नको.

माझी मुलगी व्हॉलीबॉलमध्ये सेटर. नेटजवळ उभं राहून मारणारीला चेंडू उचलून द्यायचा, हे तिचं काम. आमच्या कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या सरांकडे जेमतेम संघापुरत्या मुली, राखीव कोणीच नाही. चेंडू जोरात मारला की शेजारच्या केळीत जायचा. तरी या मुलींनी त्या मोठ्या कॉलेजला घाम फोडला. सामना संपल्यावर त्यांचा कोच माझ्याजवळ आला. फी माफ, हॉस्टेल, बूट, सगळं देतो म्हणाला. मी केळीचा व्यापारी, हातगाडीपासून टेम्पोपर्यंत आलो तो घासाघीस करूनच. जेवणाचा खर्चही त्याच्याकडून कबूल करून घेतला आणि मिशीवर ताव देत घरी आलो. जुन्या कॉलेजची ना-हरकत, म्हणजे सोडायला हरकत नाही असा दाखला, लागेल ना, असं मुलीने फोनवर विचारलं, तर कोच म्हणाला, ते आम्ही बघतो.

धंद्यात नव्या माणसाशी बोलणी चालू असताना जुन्याला सुगावा लागू द्यायचा नसतो. म्हणून मी सरांना काही बोललो नाही. त्यांना कळलं ते मुलगी सरावाला आली नाही तेव्हा.

तिकडे गेल्यावर महिन्याभरात तिचा रडत फोन आला. कॉलेज बदललेल्या खेळाडूने ना-हरकत आणली नाही तर वर्षभर खेळायचं नाही, असा विद्यापीठाचा नियम. तिचं हे शेवटचं वर्ष. मी कोचला गाठलं तर तो म्हणतो, एक वर्ष बसली म्हणून काय बिघडलं? त्याच्याकडे आधीच दोन सेटर होत्या.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. काही व्यापारी केळीची बाग उक्ती घेतात, म्हणजे झाडावरचा सगळा माल एकरकमी, आणि घड कापतच नाहीत. दुसऱ्याला मिळू नयेत, एवढ्यासाठी. माझी मुलगी अशीच उक्ती गेली होती.

सरांकडे गेलो ते भांडायची तयारी करूनच. ते चुन्याने मैदानाच्या रेघा आखत होते.

"या शेठ. आज इकडे कुठे माल उतरवताय?"

तुम्ही ना-हरकत का अडवली, असं मी चढ्या आवाजात विचारलं.

"मागितली कोणी? मागितली असती तर त्याच दिवशी दिली असती. पोरीचं शेवटचं वर्ष आहे, मला कळत नाही?"

मग आता द्या, म्हणालो. दिली तरी दोन सेटर सोडून ते तिला उतरवणार नाहीत, असं सर म्हणाले. प्रवेशाची मुदत अजून आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मुदतीत परतलेल्या मुलीने कॉलेज बदललंच नाही असं धरतात.

"पण तुम्ही घ्याल तिला?"

"शेठ, माझ्याकडे पाच मुली आहेत. सहावीसाठी मी काय रुसून बसू?"

मुलीला आणायला गेलो तेव्हा तिने दारातच बजावलं, "पप्पा, या वेळी सौदा मी करणार." मी फक्त तिची बॅग उचलली. कोचने बूट परत मागितले तेव्हा मात्र मी ते त्याच्या टेबलावर असे आदळले की खालचे लोक वर बघायला आले.

गेल्या आठवड्यात ती आमच्या कॉलेजकडून पहिला सामना खेळली. मी कठड्यावर बसलो होतो. तिने पहिला चेंडू उचलला आणि इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. शेजारच्या माणसाला उगाच चहा पाजला. त्या रात्री गाढ झोपलो.

पण हॉस्टेलवर तिच्या खोलीत राहणारी चिंचोटीकडची मुलगी अजून तिथे बाकावरच आहे. अशीच नेलेली. तिच्या घरच्यांना नियम कळला तोवर मुदत संपली होती. तिच्या जुन्या लहान कॉलेजला यंदा संघच उतरवता आला नाही. मोठ्या कॉलेजचं काय गेलं? शिक्षा मुलीला होते, तिला नेणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा समितीने त्या कोचला बोलवावं. खेळवायची नव्हती तर नेली का, हे त्याने त्या मुलीच्या तोंडावर सांगावं. आणि असा नियम ज्यांनी केला, त्यांनीही तिच्यासमोरच उत्तर द्यावं.