एका लायनीत तीस माणसं

दादूसला वेग माणसांत मोजायची सवय होती. मेगाबिट, गिगाबिट असे शब्द कुणी काढले की तो डोळे बारीक करून विचारायचा, "म्हंजे किती मान्सं बोलतान?" जुनी टू-एमबीची लाईन म्हणजे त्याच्या हिशेबी एका वेळी बोलणारी तीस माणसं. फायबरवरचा एसटीएम-वन म्हणजे अशा त्रेसष्ट लाईनी, अठराशे नव्वद माणसं. हे तो चहाचा कप खाली न ठेवता सांगायचा आणि मी, खारघरच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेली इंजिनिअर, मोबाईलवर गुणाकार करून बघायचे. एकदाही चुकला नाही. मला त्याचा रागच यायचा.

तो तळवलीचा. शहर उभं राहताना घरची भातशेती गेली आणि हा आमच्या टेलिफोन कंपनीत केबलसाठी चर खणायला लागला. तिथून शिकत शिकत मशीनरूमपर्यंत पोचला. मी आले तेव्हा तो रिटायर होऊन वर्षा-वर्षाच्या करारावर होता. पहिल्या दिवशी मी "तुम्ही" म्हटलं, तर म्हणाला, "दादूसला कोन तुमी म्हनतो काय, बाय?" तेव्हापासून साताऱ्याकडची मी साठीच्या माणसाला अरे-तुरे करू लागले. घरी कळलं असतं तर आईने कानफटात दिली असती.

इंग्रजीला तो बिचकत नसे. एकदा महापेच्या एका गिऱ्हाईकाची अमेरिकेतली मंडळी फोनवर होती, त्यांना ओसी-थ्री हवा होता. आमचे साहेब माझ्याकडे बघतायत, मी गूगलकडे. दादूस मागून पुटपुटला, "आपला एसटीएम-वनच त्यो. तिकडं नाव येगला. पन त्यांची बारकी लाईन चोवीस मान्सांची आस्ते, आपली तीसची. तेवरा इचारून घ्या." साहेबांनी विचारलं आणि स्वतःचंच म्हणून विचारलं. दादूसला त्याचं काही वाटलं नाही, मलाच वाटलं.

मग जुन्या केबलचा मार्ग बंद करायचं ठरलं. त्यावर दादूसने मोजून दिलेल्या पंच्याहत्तर लाईनी होत्या: दवाखाने, बँका, शाळा, वाशीच्या मार्केटातल्या पेढ्या. सगळ्या फायबरवर घ्यायच्या होत्या. त्यातल्या बहुतेक दादूसने स्वतः सुरू केलेल्या. पुढच्या वर्षीचा करार त्याला फक्त एवढ्यासाठी हवा होता. "मीच चालू केल्यान, मीच नीट उतरवून देतो. मंग घरी बसतो," असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

किती क्षमता लागेल ते मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी एसटीएम-वनच्या एकशे पंचावन्न पूर्णांक बावन्न शतांश मेगाबिटला एका लाईनीच्या दोन पूर्णांक शून्य अठ्ठेचाळीसने भागलं. उत्तर पंच्याहत्तरच्या वर आलं; दादूसचे त्रेसष्ट मला ऐकीव वाटले. लाईनीही पंच्याहत्तर! म्हणजे एकच एसटीएम-वन पुरेल. साहेब खूश, मी त्याहून खूश.

मीटिंगमध्ये दादूस म्हणाला, "सायेब, त्रेसष्टच बसतान." आणि मग माझ्याकडे वळून, "बाय, मार्केटात आंब्याची पेटी बगितलीस? पेंढा नाय टाकला त आंबं जास्त जातान. पन घरी पोचतान काय? यालाबी पेंढा लागतो." साहेब हसले. मला म्हणाले, "मॅडम, तुमचं शीट काय सांगतं?" मी म्हटलं, "पंच्याहत्तर, सर."

त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी पुस्तक उघडलं. पेंढा खरा होता. लाईनींची जुळवाजुळव आणि देखरेख यांतच उरलेली जागा जाते, त्रेसष्टाच्या वर एकही लाईन बसत नाही. ऑर्डर गेली होती. माझी नोकरी पक्की व्हायला दीड महिना उरला होता. उद्या सांगू म्हटलं. उद्या सांगितलं नाही, परवाही नाही.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी लाईनींची बदली सुरू झाली. त्रेसष्टावी लाईन लागली आणि चौसष्टावी लागेना. रस्त्याच्या कामासाठी जुनी केबल त्याच पहाटे तोडली होती, मागे जायचा रस्ता नव्हता. नवीन सामान यायला वीस दिवस. साहेब दादूसला म्हणाले, "कुठल्या बारा ठेवायच्या बाहेर, तू सांग. तुला सगळ्या पाठ आहेत." त्याने यादी साहेबांकडे परत सरकवली. "मी नाय सांगनार," म्हणाला. मग साहेबांनी स्वतःच पेन काढलं तेव्हा ते त्याने हातातून ओढून घेतलं आणि निदान एकेकच लाईन असलेले दवाखाने तरी वाचवले. दोन शाळा, पाच पेढ्या, एक वृद्धाश्रम... एकेका नावावर त्याने काट मारली. "तीनशेसाठ मान्सं मुकी केली मी," एवढंच बोलला. नंतर दिवसभर त्या बाराही जणांना फोन करून तोच माफी मागत होता. मी शेजारी बसून त्याला नंबर काढून देत होते. याहून जास्त काही मला करता आलं नाही. खरं म्हणजे आलं असतं.

चौकशीच्या कागदावर कारण आलं: जुन्या लाईनींची मोजणी चुकली. मोजणी दादूसची. साहेबांनी माझ्यासमोरच कागद पुढे सरकवला, त्याने वाचला आणि सही केली. करार वाढला नाही. उरलेल्या बारा लाईनी नंतर मी जोडल्या. तोवर माझी नोकरी पक्की झाली होती.

दोन महिन्यांनी मी तळवलीला गेले. त्याच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे ठेवली.  ती आत गेल्यावर मी म्हटलं, "दादूस, मोजणी बरोबर होती. भागाकार माझा चुकला होता. आणि मला आधी कळलंही होतं."

"मना म्हाईत हाय," तो म्हणाला. "शीटवर तुझा नाव होता."

"मग सही का केलीस? बोलला का नाहीस?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने भाकरीचं ताट माझ्याकडे जरा सरकवलं.

"तू बोलशील म्हनून थांबलो व्हतो, बाय. कागद दोनदा वाचला मी. यवरासा कागद, त्यो दोनदा कशाला वाचायला लागतो?"