बाबांनी केलेला पेशंट

वॉर्डातल्या म्हाताऱ्या पेशंटने संत्रं सोलायला घेतलं आणि त्या वासासरशी मी इंग्लंडमधून थेट विदर्भातल्या शेंदूरजनाघाटला, आमच्या ओसरीवर पोचले.

इंग्लंडात कॅन्सरतज्ज्ञ व्हायचं, तर वाईट बातमी कशी सांगता हेही परीक्षेत बघतात. मी नेमकी त्यातच एकदा नापास झाले होते. म्हणून सुट्टीत घरी गेले तेव्हा सरावासाठी, ओसरीवर संत्री निवडत बसलेल्या बाबांना पेशंट केलं. आवाज मऊ करून म्हटलं, "काका, रिपोर्ट चांगला नाही. कॅन्सर आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हातातलं संत्रं सोललं, तेव्हा सालीचा तिखट फवारा माझ्या डोळ्यांपर्यंत आला. अर्धं माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुमी घाबरू नका, डॉक्टरबाई. हे खा पयले."

"बाबा! पेशंट असं करत नसतात."

"काहून? पोरीच्या वयाची डॉक्टर एवढी घाबरून राहिली, तं पेशंटनं नुसतं पाहत बसावं काय?"

मी चिडून त्यांचा हात बाजूला सारला. मग आईला पेशंट केलं, तर ती ऐकल्याबरोबर खरंच रडायला लागली.

आत्ता या म्हाताऱ्याला मी तीच बातमी दिली होती. त्याने सोललेलं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. आम्ही दोघांनी ते सावकाश खाल्लं.

बाहेर येऊन फोन लावला. "बाबा, तुम्ही केला होता ना, तसाच पेशंट आज भेटला."

"मंग?" बाबा म्हणाले. "यावेळी खाल्ला ना संत्रा?"